तिसाव्या आठवड्यातलं बाळ, माझं दूध पुरत नाहीये. फॉर्म्युल्याने आतड्यांना काय होतं?

बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, वजन १२८० ग्रॅम. आज अकरावा दिवस, एनआयसीयूतच (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच) आहे. नळीने फीड चालू आहे, दर दोन तासांनी १२ मिली. मी पंप करते तेव्हा ६-७ मिली निघतं, कधी बाटलीचा तळसुद्धा झाकत नाही. मिल्क बँकेचं दूध सध्या नाही, म्हणून कालपासून उरलेलं प्रीटर्म फॉर्म्युल्याने (अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या तयार दुधाने) भरून काढतात. तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून ‘एनईसी’ (आतड्यांचा एक गंभीर आजार) हा शब्द पहिल्यांदा ऐकला आणि झोप उडाली.

आई म्हणते, तुला पावडरवरच वाढवलं, काय झालं तुला? पण मी पूर्ण दिवसांची होते ना!

काल फीडच्या आधी सिस्टरांनी सिरिंजने ओढून पाहिलं तर पोटात दीड मिली दूध उरलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझी नजर बाळाच्या पोटावरून हटत नाही. फॉर्म्युल्याने नेमकं बिघडतं काय? आणि माझं अर्धंमुर्धं दूध जातंय, त्याचा काही उपयोग आहे का?

प्रतिसाद १
आहे, खूप आहे. मी एनआयसीयूत सिस्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एवढ्या लवकर आलेल्या बाळाच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं, पेशींमधले सांधे सैल, हालचाल मंद. आईच्या दुधातली काही साखर (ऑलिगोसॅकराइड) बाळाला पचतच नाही. ती असते बायफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जंतूंसाठी. शिवाय दुधातलं आयजीए (जंतूंशी लढणारं प्रतिपिंड) अस्तराचं रक्षण करतं. फॉर्म्युल्यात हे जिवंत संरक्षण नसतं, मग त्रासदायक जंतूंना मोकळं रान मिळतं. एनईसीमध्ये आतड्याला सूज येते, काही भाग मृतही होऊ शकतो.

१९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास आला होता. निव्वळ फॉर्म्युल्यावरच्या बाळांत एनईसी निव्वळ आईच्या दुधावरच्यांपेक्षा ६ ते १० पट जास्त दिसला, आणि तुमच्यासारखं मिश्र दूध घेणाऱ्यांपेक्षा ३ पट. म्हणजे तुमचे ते ६ मिली वाया जात नाहीयेत. एकूण आजारी पडली ५१ बाळं, हेही ध्यानात ठेवा.

नुसतं दीड मिली दुधाळ उरणं ही धोक्याची खूण नाही. हिरवं निघालं, पोट फुगून ताणलं, शीमध्ये रक्त दिसलं, बाळ मलूल झालं किंवा श्वास मध्येच थांबू लागला, तर त्याच क्षणी सिस्टरांना हाक मारा. आणि आधी तुमचं दूध, मग फॉर्म्युला, असं देतात ना, ते विचारून घ्या.

प्रतिसाद २
माझं बाळ २९ आठवड्यांचं होतं. दिवसरात्र मिळून आठ वेळा पंप, त्यात रात्रीची एक वेळ चुकवायची नाही. कांगारू केअरनंतर (बाळाला उघड्या छातीशी धरल्यावर) लगेच पंप केलं की मला जास्त यायचं. आणि शेवटी दोन मिनिटं हाताने पिळा, पंप थकतो तिथून पुढे निघतं.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार. आत्ता पहाटेचे तीन, कांगारूनंतर ९ मिली! लेबल लावून फ्रीजमध्ये ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, आधी तुमचंच देतो. आता डॉक्टर माझ्या दुधात फोर्टिफायर (पोषण वाढवणारं मिश्रण) घालायचं म्हणतायत. तेही गाईच्या दुधाचंच असतं ना? कोणाच्या बाळाला दिलं होतं का?