अडीच वर्षांच्या मुलाला खेळ आणि गाण्यांतून आकार कसे शिकवावेत?

प्रश्न
माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवले की तो गोल, चौकोन, त्रिकोण ही नावे बिनचूक सांगतो. परंतु ताट किंवा खिडकी दाखवून आकार विचारला की गप्प बसतो, आणि त्रिकोणी ठोकळा टोक खाली करून धरला तर तो त्रिकोण आहे हे मुळीच मान्य करत नाही. त्याला मोबाईलवरची गाणी लावून देण्याची माझी इच्छा नाही. घरच्या घरी कोणते खेळ घ्यावेत, गाणी कशी म्हणावीत आणि या वयात किती अपेक्षा ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (बालवाडी शिक्षिका)
आपल्या मुलाला तक्ता पाठ झाला आहे, आकार अजून ओळखीचा व्हायचा आहे, आणि यात काळजीचे काहीही नाही. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी आडव्या बाजूवर बसलेला असतो, त्यामुळे तसे बसणे हाच त्याचा गुण आहे असे मूल धरून चालते. म्हणून ठोकळा त्याच्याच हातात द्यावा, उलटा करू द्यावा, कडेवरून बोट फिरवू द्यावे.

जर्मनीत १८३७ मध्ये बालोद्यानाची सुरुवात करणाऱ्या फ्रोबेल यांनी मुलांच्या हाती आधी लोकरीचे चेंडू आणि मग लाकडी गोल, दंडगोल व घन दिला, कारण घरंगळणारे काय आणि बसून राहणारे काय हा फरक हाताला आधी कळतो. माँटेसरी पद्धतीतील पायऱ्याही इथे फार उपयोगी आहेत: प्रथम आपण नाव सांगायचे, नंतर पुष्कळ दिवस ‘मला त्रिकोण आणून दे’ असे म्हणायचे, आणि अगदी शेवटी ‘हे काय आहे?’ असे विचारायचे. ताट दाखवून आपण एकदम तिसऱ्या पायरीवरचा प्रश्न विचारत आहात. त्याऐवजी ‘घरातले गोल गोल काय काय आहे ते आणूया’ असे म्हणून पाहावे. बांगडी, डब्याचे झाकण, पोळपाट अशा वस्तू तो आनंदाने गोळा करील.

उत्तर २ (एक आजी)
गाणे नुसते ऐकवू नका, त्यावर चालवा. अंगणात किंवा फरशीवर खडूने मोठा त्रिकोण, चौकोन आणि गोल काढावा आणि मुलाचे बोट धरून रेघेवरून चालताना आमच्या घरी म्हणतात तसे काहीतरी म्हणावे:

चला चला रेघेवर,
टाळी द्या कोपऱ्यावर!
गोलाला कोपराच नाही,
थांबायचे कामच नाही!

त्रिकोणावर तीन टाळ्या पडतात, चौकोनावर चार, आणि गोलावर मूल नुसते फिरत राहते. त्रिकोण कोणत्याही बाजूने काढला तरी टाळ्या तीनच पडतात, त्यामुळे उलट्या त्रिकोणाची तुमची अडचण या खेळातच सुटेल असे मला मनापासून वाटते. चाल कोणतीही चालेल, मात्र कोपऱ्यावर थांबायला विसरू नये.

विकतची साधने हवीतच असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातल्या वस्तूंवरच मुलांना शिकते केले. शंकरपाळे कातताना मुलाला शेजारी बसवून कणकेचा गोळा दिलात, तरी बराच अभ्यास होतो.

उत्तर ३ (एक पालक)
अपेक्षेबद्दल एवढेच सांगतो की ओळखणे आणि काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधारणपणे मुले पाहून गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास काढू लागतात, चौकोन चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आगेमागे जमतो. तेव्हा आत्ताच पेन्सिल देऊन आकार गिरवून घेऊ नयेत. शिवाय तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालतात, म्हणून बिया व खडे समोर असताना मोठ्या माणसाने जवळून हलू नये. एकट्याने खेळायला मोठे ठोकळे आणि झाकणेच द्यावीत.