स्वयंसेवक फायरमन व्हायचंय, फिटनेस किती लागतो?

रोज 5 किमी पळतो, जिमपण चालू आहे, एवढं पुरतं का? ट्रेनिंगमध्ये काय काय असतं?

> पळणं चांगलंय, पण खरा घाम जिन्यावर निघतो. सीपीएटी टेस्टमध्ये (अमेरिका-कॅनडात फायरमन भरतीसाठी घेतात ती फिटनेस टेस्ट) साधारण 23 किलोचं जॅकेट घालून 8 कामं 10 मिनिटं 20 सेकंदात संपवायची असतात, जिना चढताना अजून 11 किलो खांद्यावर, म्हणून आत्तापासूनच पाठीवर सॅक टाकून जिने चढ. अर्थात सगळीकडे हीच टेस्ट नसते, आधी विचारून घे.

> होज (पाण्याचा पाइप), शिडी, प्रथमोपचार हे सगळं शिकवतात रे. पण मास्क लावून अंधारात रांगायचं असतं ना, तिथे भले भले पैलवान गळपटतात. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांग, लाजू नको.

> थँक्स, उद्यापासून लिफ्ट बंद 😅