भरीत खाऊन रक्तवाहिन्या फुटतात होय?

तापीकाठ: काल इथे कुणीतरी डकवलं: "जांभळं वांगं खा, अँटिऑक्सिडंटने म्हाताऱ्या पेशी तरुण होतात, हृदयाला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, बायपास टळतो." डोकं फिरलं. पेशी ठरावीक वेळाच विभागते, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१मध्येच दाखवलं. रक्तवाहिनीच्या अस्तरातली म्हातारी पेशी मरत नाही. पारावर बसून शेजारच्यांनाही बिघडवते. त्यात ऑक्सिडंट फार झाले, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण आला, की त्यातलं सुपरऑक्साइड रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळतं, मग नवा फाटा धड फुटत नाही. इथवर कबूल. पण थोडे ऑक्सिडंट असल्याशिवाय व्हीईजीएफचा, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा, निरोपही पेशीत नीट पोचत नाही. सगळंच पुसून काढता?

भरीतवाला: फुटतात म्हणजे पालवीसारख्या की पाइपलाइनसारख्या? असो. जांभळं लिहिणारा खान्देशातला नाहीच भो. आपलं भरताचं वांगं हिरवट, जीआयवालं (भौगोलिक मानांकनाचं).

अमळनेरची सून: आणि गॅसवर भाजलं तर ते भरीतच नाही. कपाशीच्या काड्याच हव्यात.

भरीतवाला: तिसऱ्या मजल्यावर काड्या पेटवू? सोसायटी मलाच भाजेल.

अमळनेरची सून: मग त्याला भरीत म्हणू नका, वांग्याची चटणी म्हणा. माझ्या सासूबाई अजून अंगणात भाजतात.

निवृत्त मास्तर: पारावरचे म्हातारे काढायची गरज नव्हती. मी पाच वर्षं ई जीवनसत्त्वाची गोळी घेतोय, जिना चढताना दम लागत नाही. आपण डॉक्टर का?

तापीकाठ: नाही. बापाच्या अंगठ्याची पट्टी अकरा महिने बदलली आहे, तेवढीच पदवी. शुगर. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक, नव्या रक्तवाहिन्यांचा लाल दाणा धरेना. शेवटी अंगठा काढला. आणि त्याच माणसाच्या डोळ्यात नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्या, त्या थांबवायला व्हीईजीएफविरोधी इंजेक्शनं! एकाच अंगात एकीकडे दुष्काळ, एकीकडे पूर. कॅन्सरची गाठही नव्या रक्तवाहिन्यांवरच पोसते. 'फुटू द्या' म्हणताना कुठे, ते सांगाल? तुमच्या गोळीचं म्हणाल तर होप नावाच्या औषधचाचणीत नऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना ती साडेचार वर्षं दिली, बाकीच्यांना खोटी गोळी. २०००मध्ये निकाल आला, हृदयाला फायदा शून्य.

निवृत्त मास्तर: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. गोळी संपेपर्यंत घेतो, पैसे दिलेत. दम लागला तर तुमच्या ओट्यावर येऊन बसेन.

अमळनेरची सून: मास्तर, येताना काड्या आणा.