पगारदार आणि पेन्शनरांचा कर आयकर खात्यानेच मोजून पाठवावा का?

सातारकर:
माझं मत, पाठवावा. ज्यांचं उत्पन्न पगार, पेन्शन आणि बँकेचं व्याज एवढंच आहे, त्यांच्याबद्दल बोलतोय. कंपनी टीडीएस (पगारातूनच आधी वळता केलेला कर) कापते, बँक व्याज कळवते, सगळं पॅनवर दिसतं. २०२१ पासून एआयएसमध्ये (खात्याच्या पोर्टलवर दिसणाऱ्या आपल्या वार्षिक माहितीपत्रकात) डिव्हिडंड आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहारही येतात. तरी माझ्या आईला फॅमिली पेन्शनच्या रिटर्नसाठी दरवर्षी सीएची फी भरावी लागते, कारण ती पेन्शन पगारात नाही, ‘इतर उत्पन्ना’त दाखवायची असते हे तिला कसं कळणार? मुदत चुकली तर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क वेगळं.

करसल्लागार_नाशिक:
सातारकर, मी विरोधात आहे. एआयएस म्हणजे इतरांनी तुमच्याबद्दल कळवलेली माहिती. जॉइंट एफडीचं व्याज सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर दिसतं. पैसे सासूबाईंचे, पहिलं नाव सुनेचं, तर खातं सुनेला कर लावणार. आमच्याकडे नोकरी करून द्राक्षबाग सांभाळणारे पुष्कळ आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ५,००० च्या वर गेलं आणि बाकीचं उत्पन्न करपात्र असलं की कराचा दर ठरवताना ते बाकीच्या उत्पन्नात मिळवावं लागतं. ते खात्याला कोण कळवतं? आणि सरकारी कागदावर छापलेल्या आकड्याला ‘चूक’ म्हणायला साधा माणूस धजत नाही, हे मी रोज पाहतो.

सातारकर:
बागायतदारांना मी यात धरलेलंच नाही. पण रिटर्न भरल्यावर सीपीसीकडून (खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून) कलम १४३(१)ची सूचना येते ती बघा. एका रकान्यात आपला आकडा, शेजारी खात्याचा. म्हणजे खातं मोजतंच! तो दुसरा रकाना आधी पाठवा, एवढंच मागणं आहे.

मेघना_ठाणे:
सातारकरांशी सहमत. २०२१ च्या अर्थसंकल्पात कलम १९४पी आलं. वय ७५ पूर्ण, उत्पन्न फक्त पेन्शन आणि व्याज, तर बँकच हिशोब करून कर कापते, रिटर्न भरायला नको. तत्त्व सरकारने मान्य केलंय. अडचण अटींची आहे. पेन्शन आणि व्याज एकाच बँकेतलं हवं. बाबांची एक ठेव पतसंस्थेत आहे, त्यामुळे ते बाद. वयाची अट ६० वर आणा आणि ‘एकच बँक’ काढून टाका.

करसल्लागार_नाशिक:
मेघनाताई, वयाची अट खाली आणायला माझा पाठिंबा. ‘एकच बँक’ काढली तर दुसऱ्या बँकेतलं व्याज पहिल्या बँकेला कोण सांगणार? आणि सातारकर, हिशोब आधी पाठवलाच, तर उत्तर आलं नाही म्हणजे मान्य, असं मुळीच धरू नये. कित्येक आजी-आजोबांचा ओटीपी भाच्याच्या मोबाईलवर जातो.

सातारकर:
इथे आपलं जुळणार नाही. प्रत्येकाला लॉगिन करून ‘हो’ म्हणायला लावलं तर आईची सीएकडची फेरी चुकली कुठे? कागदी पत्र घरी पाठवा, पुरेशी मुदत द्या, मग मान्य धरा. नंतर चूक सापडली तर विनाशुल्क दुरुस्ती हवी.