शब्दचर्चा : ‘पर्यायी संकलकांसाठी समर्थन जोडले’

प्रश्न

फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या एका वैज्ञानिक सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणत आहे. हे सॉफ्टवेअर पूर्वी एकाच कंपायलरने (माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनाने) कंपाइल होत असे. नव्या आवृत्तीत आणखी दोन कंपायलर वापरण्याची सोय झाली आहे. ती बातमी मी, ‘कंपायलर’ला ‘संकलक’ आणि ‘सपोर्ट’ला ‘समर्थन’ घालून, ‘पर्यायी संकलकांसाठी समर्थन जोडले’ अशी लिहिली. व्याकरणात चूक सापडत नाही, पण वाचताना मलाच काही बोध होत नाही. ‘पर्यायी’, ‘संकलक’ आणि ‘समर्थन’ या तिन्ही शब्दांविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले उत्तर

‘समर्थन’ आधी घेतो, कारण खरी अडचण तिथे आहे. मराठीत समर्थन केले जाते ते एखाद्या कृतीचे, मताचे किंवा उमेदवाराचे. कंपायलरची बाजू घेऊन इथे कोणी वाद घालत नाही. ‘पाठिंबा’ म्हटले तर वाचक थेट विधिमंडळात जाऊन बसतो. ‘आधार’ त्यातल्या त्यात बरा वाटतो, पण त्यात दिशा उलटते : सॉफ्टवेअर कंपायलरच्या आधारावर उभे राहते, कंपायलर सॉफ्टवेअरच्या नव्हे.

‘सपोर्ट’ या एका शब्दात येथे दोन गोष्टी मिसळल्या आहेत : सॉफ्टवेअर त्या कंपायलरने कंपाइल होते ही एक, आणि तसे केल्यावर ते बरोबर चालेल याची जबाबदारी लिहिणाऱ्यांनी घेतली आहे ही दुसरी. हवामानाच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूआरएफ या संगणकीय प्रारूपाचे उदाहरण घ्या. त्याची कॉन्फिगर ही जुळणीची आज्ञा दिली की कंपायलरांची क्रमांकवार यादी पडद्यावर येते आणि आपण त्यातला एक क्रमांक निवडतो. ‘आर्च’ फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये नव्या कंपायलरचे नाव व त्याचे फ्लॅग (त्याला आज्ञेसोबत द्यायच्या सूचना) यांचा एक परिच्छेद लिहिला की यादीत एक ओळ वाढते. हे काम दुपारभरात होऊ शकते, मात्र दुसऱ्या गोष्टीला महिने लागतात.

का लागतात, ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या बाबीवरून सांगतो. थेट प्रवेशाची (हवी ती नोंद थेट गाठता येणारी) बायनरी फाइल उघडताना प्रत्येक नोंदीची लांबी सांगावी लागते. जीसीसी या मुक्त कंपायलर-संचातला जीफोर्ट्रान ती बाइटमध्ये मोजतो, तर इंटेलचे कंपायलर, वेगळे सांगितले नाही तर, चार बाइटचे एक असे एकक धरून मोजतात. जीफोर्ट्रानसाठी लिहिलेली तीच ओळ इंटेलच्या कंपायलरने कंपाइल केली तर कोणतीही तक्रार न होता फाइल चौपट मोठी होते, आणि आलेख काढायला बसल्यावर निम्म्याहून अधिक नकाशा निरर्थक दिसतो. इंटेलच्या कंपायलरला बाइटमध्ये मोजायला सांगणारा फ्लॅग आहे. पण त्याची गरज आहे हे ध्यानात येण्यासाठी कोणीतरी ती फाइल उघडून पाहिलेली असावी लागते. दुसऱ्या कंपायलरचेच कशाला, त्याच कंपायलरची नवी आवृत्तीही घोटाळ्याला पुरते. २०२० मध्ये जीसीसी १० आल्यावर, रुटिनला (आज्ञावलीतल्या उपघटकाला) पाठवलेले आणि त्याला अपेक्षित आर्ग्युमेंट (दिलेले मूल्य) वेगळ्या प्रकारचे असणे ही जीफोर्ट्रानच्या लेखी सूचना न राहता चूक ठरली. अनेक प्रोसेसरांत संदेश पाठवणाऱ्या एमपीआयच्या एकाच रुटिनला कधी पूर्णांक, तर कधी अपूर्णांक देणाऱ्या कितीतरी जुन्या आज्ञावल्या त्यामुळे कंपाइल होईनाशा झाल्या.

म्हणून नामाचा मोह सोडून क्रियापदांवर यावे, असे माझे मत आहे. नुसते कंपाइल होत असेल तर ‘कंपाइल होते’ एवढेच लिहावे. चाचण्याही घेतल्या असतील तर ‘कंपाइल करून तपासले आहे’ असे लिहावे.

‘पर्यायी’बद्दल थोडक्यात. रस्ता बंद असतो तेव्हा पर्यायी रस्ता असतो. इंटेलने आपला जुना फोर्ट्रान कंपायलर आयफोर्ट २०२५ च्या वनएपीआय या साधनसंचातून वगळून त्याची जागा आयएफएक्स या नव्या कंपायलरला दिली. तिथे हा शब्द शोभेल. पण पहिला कंपायलर चालू असताना त्याच्या जोडीला येणारे कंपायलर हे ‘अन्य’ किंवा ‘आणखी’ होत.

दुसरे उत्तर

‘संकलक’ राहून गेला. हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाशी प्रामाणिक आहे आणि नेमका त्यामुळेच फसवा आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० ही प्रणाली केली, तेव्हा ती संग्रहातील तयार रुटिने क्रमांकाने शोधून, एकत्र जोडून आज्ञावली तयार करीत असे. ते अक्षरशः संकलन होते, गीतसंग्रहाचा संकलक करतो तसे. १९५७ मध्ये आयबीएमचा फोर्ट्रान आला. त्याच्या नावातच सूत्रांचे भाषांतर (फॉर्म्युला ट्रान्सलेशन) आहे, आणि काम खरोखर भाषांतराचे झाले. इंग्रजीत नाव मात्र जुनेच राहिले. मराठीने ते शब्दशः उचलले आणि आज ‘संकलक’ म्हटले की आपल्याला चित्रपटाची कापाकापी करणारा आठवतो.

मला ‘अनुवादक’ आवडतो. एकाच मजकुराचे दोन चांगले अनुवाद शब्दांत वेगळे असतात, तसे एकाच आज्ञावलीचे दोन कंपायलरांनी केलेले अनुवाद बेरजांचा क्रम बदलल्यामुळे शेवटच्या काही दशांशांत वेगळी उत्तरे देऊ शकतात आणि तरीही दोन्ही स्वीकारार्ह असू शकतात. शिवाय आज्ञावली ओळीओळीने वाचून लगेच चालवणाऱ्या इंटरप्रिटरला ‘दुभाषी’ म्हणता येते : तो समोर उभा राहून वाक्यागणिक सांगतो, अनुवादक आधी सगळे लिहून देतो.

तिसरे उत्तर

‘अनुवादक’ सुंदर आहे, पण पुस्तिकेत तो प्रत्येक ठिकाणी समजावून सांगावा लागेल. विद्यार्थी प्रयोगशाळेत ‘कंपायलर’ म्हणतात, चूक दाखवणाऱ्या संदेशातही तोच शब्द वाचतात. आपण तोच ठेवावा. विभक्तीही त्याला सहज लागते. अनुवादाची उपमा प्रस्तावनेत घालावी, कारण उत्तरे शेवटच्या दशांशात का जुळत नाहीत हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. आमच्या चमूला विचारले, तेव्हा कळले की दोनपैकी एकाच कंपायलरवर सर्व चाचण्या झाल्या आहेत. त्यामुळे एका वाक्याची दोन वाक्ये झाली : ‘या आवृत्तीपासून हे सॉफ्टवेअर जीफोर्ट्राननेही कंपाइल करता येते आणि त्यावरील सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या आहेत. आयएफएक्सने ते कंपाइल होते, परंतु उत्तरे अद्याप तपासलेली नाहीत.’