मदत हवी आहे: महिना २०० रुपयांत प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती असलेली माशांची टाकी), त्यात झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) ठेवावा की काढावा?

टँक दोन फुटी (२४×१२×१२ इंच), पाणी साधारण ५० लिटर, स्पंज फिल्टर, २० वॉटचा ६५०० केल्विनचा एलईडी. १० निऑन टेट्रा. झाडं: अनुबियास, जावा फर्न आणि रोटाला (यांत सीओटूची जास्त गरज रोटालालाच).

सीओटूसाठी दोन लिटरची बाटली, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा यीस्ट. पहिले चार दिवस बुडबुडे धो धो, दहाव्या दिवसापासून मिनिटाला जेमतेम पाच-सहा. मला वाटतं, या चढउतारामुळेच अनुबियासच्या पानांच्या कडांना काळं, ब्रशसारखं शेवाळ धरलंय. नखाने खरवडूनही निघत नाही. स्पंज फिल्टरच्या हवेने थोडा गॅस उडतो, तेही धरून चाललेय.

करून झालेलं: दिवा ८ वरून ६ तास, दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदल, खाणं दिवसातून एकदाच. फिल्टर १० मिनिटं बंद ठेवून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, एकूण १५ मिली, सिरिंजने थेट शेवाळावर. ते लालसर होऊन मरतं, पण तीन आठवड्यांत परत हजर.

होस्टेलवर सीओटूचा सिलिंडर चालत नाही. एकरकमी खर्च फार तर ८०० रुपये.

सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्यातून सीओटू बनवणारं किट नीडल व्हॉल्व्हसह (गॅस कमी-जास्त करणारी बारीक चावी) घेतलं, रात्री बंद ठेवलं आणि सेकंदाला एक बुडबुडा धरला, तर दोन्ही २००-२०० ग्रॅम घातलेलं एक भरण प्रत्यक्षात किती दिवस पुरतं? की रोटाला काढून सीओटूच बंद करू?