रोज हाताशी लागणारी टूल्स आणि रोजचा वैताग : तुमचे अनुभव सांगा

चहाब्रेक :
कुठली भाषा भारी आणि कुठलं फ्रेमवर्क मेलं, ही भांडणं दुसरीकडे चालू द्या. इथे रोजच्या वापरातलं सांगा. ज्या लहानशा टूलशिवाय हात अडतो ते, आणि ज्याला दिवसातून एकदा तरी शिवी जाते तेही. डेव्हलपर, टेस्टर, सपोर्टवाले, सगळ्यांनी लिहा.

सुरुवात माझ्याकडून. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. ही सोय २०१८ पासून आहे, पण आधी चालू करावी लागते, त्यामुळे निम्म्या ऑफिसला तिचा पत्ताच नसतो. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी आधी हे चालू करून देतो, मग कोड दाखवतो. पथ्य एकच : पासवर्ड कॉपी केलात तर तोही त्या यादीत जाऊन बसतो.

वैताग म्हणाल तर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असे मेसेज लिहिणारे लोक. काय चुकलं ते सांगायला काय जातं तुमचं?

ऐरोलीवाली :
माझा वैताग मराठीचा. म्हणजे मराठी भाषेचा नाही, मराठी सर्चचा. आमच्या एका ॲपमध्ये नावं मराठीत भरली जातात. 'ॲड.' असं शोधलं की काही वकील सापडायचे, काही नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं अगदी सारखी. क्यूएने, म्हणजे टेस्टिंगवाल्यांनी, तीनदा बग टाकला आणि तीनदा 'रिप्रोड्यूस होत नाही', म्हणजे आमच्याकडे तसं घडतच नाही, म्हणून परत आला.

भानगड अशी की 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे त्याचं स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली आलं. दुसरी तऱ्हा त्याआधीची, 'अ' वर चंद्र लावून. डोळ्यांना एक, डेटाबेसला दोन. आणि युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत, तीही या दोघांना एक करत नाही.

'सुऱ्या', 'दऱ्या' यांची गत याहून वाईट. तो अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्ताने लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे घालून. त्यात जुन्या फाइलींतून कॉपी केलेल्या मजकुरात हे अदृश्य पाहुणे नको तिथेही बसलेले असतात. आता आम्ही एक छोटं फंक्शन ठेवलंय. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर त्यातून जातो. माझ्या मते प्रत्येक मराठी प्रोजेक्टला हे पहिल्या दिवसापासून लागतं, पण एस्टिमेटमध्ये ते कोणी धरत नाही.

सेमीकोलन :
@ऐरोलीवाली, एसएमएसचं राहिलं! इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलं की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७. 'प्रिय ग्राहक' पासून सुरू करून नियम-अटी लिहिल्या की एका मेसेजचे तीन होतात. क्लायंट विचारतो, मराठी महाग कशी? काना-मात्राही मोजल्या जातात, हे त्याला पटवण्यात मीटिंग संपते.

कर्जत फास्ट :
सीट मिळाली तर लॅपटॉप उघडतो, नाही तर मोबाइलवरच टर्मिनल. लोकलमध्ये नेट कुठे जाईल त्याचा नेम नसतो, म्हणून माझं दैवत टीमक्स, टर्मिनलचं सेशन जपून ठेवणारं टूल. सर्व्हरवर सेशन चालू राहतं, कनेक्शन तुटलं तरी काम जिथल्या तिथे. दुसरं गिट, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. २००५ मध्ये लायनस टॉरवाल्ड्सने ते लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मध्य रेल्वे नक्कीच नसणार, पण नेट नसताना कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, करता येतात याचं मोल अंबरनाथच्या पुढच्याला विचारा.

राग येतो तो नेट नसलं की लॉगिन मागत बसणाऱ्या टूल्सचा. एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलायची सोय, तपासायचं एक टूल असंच होतं. ते काढलं. आता कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून सर्व्हरला विनंती पाठवायचं टूल, त्याच्या कमांड टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. दिसायला गावठी, पण चालतं.

नाइट शिफ्ट :
साडेपाच तास. बस, एवढाच माझा वैताग. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आम्ही अंधेरीत. 'कालचा रिपोर्ट' तयार होतो आपल्या पहाटे साडेपाचला, आणि रात्री बारा ते साडेपाचच्या ऑर्डर आदल्या दिवसात जाऊन पडतात. अकाउंट्सवाली मॅडम दर महिन्याला विचारते, हिशेब का जुळत नाही. काही सॉफ्टवेअरांत टाइमझोनच्या यादीत पूर्ण तासच असतात, अर्धा नाहीच. तिथे पाच निवडू की सहा?

(मुंबईची स्वतःची वेळ होती, आयएसटीच्या, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या, ३९ मिनिटं मागे. आयएसटी १९०६ मध्ये आला तरी इथे ती कित्येक दशकं चालली. ती आज असती तर मी नोकरीच सोडली असती.)

जुना खेळाडू :
स्प्रेडशीट. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गिळते, लांब आकड्याचे पहिले १५ अंक ठेवून बाकीच्यांची शून्यं करते. मराठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) उघडली की अक्षरांचा चिवडा. फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे, तीन बाइट घातले की मराठी नीट दिसतं. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग बदलून 'यूटीएफ-८ बीओएम' करा आणि सेव्ह करा, झालं. शास्त्रज्ञांनी तर हात टेकले. काही जनुकांची नावं स्प्रेडशीटला तारखा वाटायची, म्हणून २०२० मध्ये नावंच बदलल्याचं जाहीर झालं.

बीकेसी बंदिस्त :
तुम्ही टूल्स इन्स्टॉल तरी करू शकता. आमच्या क्लायंटच्या मशीनवर काहीच चालत नाही, कॉपी-पेस्टसुद्धा बंद. ॲडमिन परवानगीचं तिकीट ज्या साहेबांकडे जातं ते कधीच कंपनी सोडून गेलेत. मग आहे त्यात भागवायचं : विंडोजमध्ये आधीच असलेलं पॉवरशेल (कमांड लिहून काम करायची खिडकी) आणि ब्राउझरचा कन्सोल. कन्सोलमध्ये दोन ओळी लिहून मी लॉग गाळतो, शेजारचे समजतात हॅकिंग चाललंय.

चहाब्रेक :
@ऐरोलीवाली, ते फंक्शन इथे टाकाल का?

ऐरोलीवाली :
क्लायंटचा कोड नाही देता येणार, रात्री नव्याने लिहून टाकते. तोवर कोणी स्वतः करणार असेल तर क्रम सांभाळा. आधी र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त घाला, मगच उरलेले जोडक काढा. उलट केलंत तर 'सुऱ्या'चा 'सुर्या' होईल आणि कीर्तन पुन्हा पहिल्यापासून.